पॅरिश, पेठ आणि छावणी : बंगळूरमधील एका इंग्रजी कसब्याचा विचार

व्हिक्टोरियन काळातील इंग्रजी कादंबरी भारतीय विद्यापीठांतून शंभराहून अधिक वर्षे शिकविली जात आहे; तरीही त्या कादंबरीच्या पानोपानी येणारा ‘पॅरिश’ हा शब्द येथील वाचकाच्या मनात बहुधा धूसरच राहिला आहे. चर्चशी संबंधित असे काहीतरी, एखाद्या पाद्र्याच्या देखरेखीखालील मुलूख, एवढा अर्थ कोशावरून हाती लागतो आणि वाचन पुढे सरकते. पण डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ (१८३७–३९) या कादंबरीचे उपशीर्षकच मुळी ‘पॅरिशच्या पोराची वाटचाल’ अशा अर्थाचे आहे, आणि त्या पोराचा चर्चच्या प्रार्थनेशी फारसा संबंध येत नाही. त्याचा संबंध येतो तो पातळ पेजेशी, अनाथांच्या कोठडीशी आणि बंबल नावाच्या एका फुगीर चोपदाराशी. ट्रोलपच्या ‘बार्चेस्टर’ मालिकेत, जॉर्ज एलियटच्या ‘मिडलमार्च’मध्ये (१८७१–७२), हार्डीच्या ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’मध्ये (१८८६) बाजाराचे लहानसे गाव आणि त्याचा पॅरिश ही नुसती पार्श्वभूमी नव्हे, माणसांच्या देण्याघेण्याची, मानापमानाची आणि आश्रयाची ती चौकटच आहे. ती चौकट न कळता कादंबरी वाचणे म्हणजे वतन आणि बलुते यांचा अर्थ न जाणता पेशवाईतील निवाडापत्रे वाचण्यासारखे आहे.

मराठी वाचकापुरते बोलायचे तर या अनभिज्ञतेला एक ऐतिहासिक कारणही आहे. एकोणिसाव्या शतकात मराठी कादंबरीने इंग्रजीतून जे उचलले ते प्रामुख्याने रेनॉल्ड्सचे लंडन. हरि नारायण आपट्यांची ‘मधली स्थिति’ (१८८५) रेनॉल्ड्सच्याच आधाराने सिद्ध झाली, हे सर्वश्रुत आहे. महानगरातील गुपिते, अंधारे बोळ, सरदारांचे दुराचार यांचे वळण मराठीला चटकन साधले. बाजाराच्या दिवशी गजबजणारे आणि इतर सहा दिवस पेंगणारे गाव मात्र भाषांतराच्या वाटेने मराठीत आलेच नाही. म्हणूनच पॅरिश ही संस्था नेमकी कशी चाले आणि भारतभूमीवर ती रुजविण्याचा प्रयत्न जेथे झाला तेथे तिचे काय झाले, हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहणे उपयुक्त ठरेल. बंगळूरची लष्करी छावणी आणि तिच्या कडेला वसविलेले व्हाइटफील्ड ही या दृष्टीने विशेष बोलकी स्थळे आहेत.

प्रथम मूळ संस्थेचा विचार करावयास हवा. इंग्लंडात दहा हजारांहून अधिक प्राचीन पॅरिश होते आणि देशातील जवळजवळ प्रत्येक इंच जमीन कोणत्या ना कोणत्या पॅरिशात मोडत असे. पॅरिश हा अनुयायांचा समूह नव्हता. तो सीमा असलेला प्रदेश होता. त्या सीमेत जन्मलेला माणूस, त्याची श्रद्धा काहीही असो, त्या पॅरिशाचाच गणला जाई. १५३८ पासून प्रत्येक पॅरिशाला जन्मसंस्कार, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले. १५५५ च्या कायद्याने आपल्या हद्दीतील रस्ते दुरुस्त करण्याची जबाबदारी पॅरिशावर पडली. गावकऱ्यांनी वर्षातील ठराविक दिवस विनावेतन राबावयाचे, अशी एक प्रकारची वेठच ती होती, आणि ती १८३५ पर्यंत टिकली. १६०१ च्या दारिद्र्यनिवारण कायद्याने तर पॅरिशाला कर बसविण्याचा अधिकार आणि भुकेल्याला पोसण्याचे कर्तव्य ही दोन्ही एकदमच मिळाली. चर्चच्या लगतच्या खोलीत, जेथे पाद्री आपली वस्त्रे पालटी, तेथे करदात्यांची सभा भरे. त्या खोलीवरून त्या सभेला ‘व्हेस्ट्री’ म्हणत. जेथे देवाचे काम चाले तेथेच गटारांचे, अनाथांचे आणि चोरांच्या बंदोबस्ताचे काम चाले, हे या शब्दातच गोठलेले आहे.

पोसण्याचे कर्तव्य आले की कोणाला पोसायचे नाही याचाही कायदा येतोच. १६६२ च्या वसतिविषयक कायद्याने उपऱ्या गरिबाला त्याच्या मूळ पॅरिशात परत पाठविण्याची मुभा दिली. मनुष्य ‘कोठला’ आहे हा प्रश्न त्यामुळे भाकरीचा प्रश्न झाला. अविवाहित गर्भवती स्त्रीला प्रसूतीपूर्वी घाईघाईने पॅरिशच्या हद्दीबाहेर काढण्याचे प्रकार सर्रास घडत. कारण मूल ज्या हद्दीत जन्मेल त्या हद्दीच्या खर्चात ते पडणार. ऑलिव्हर ट्विस्टची आई रस्त्यावर सापडते आणि तिचे गाव कोणालाच ठाऊक नसते, या एका तपशिलात इंग्रज वाचकाला जो हिशेब दिसे तो भारतीय वाचकाला दिसत नाही. तेथे ‘पॅरिशचे पोर’ या शब्दांचा खरा अर्थ ‘गावाच्या अंगावर पडलेले पोर’ असा आहे.

या व्यवस्थेचा आर्थिक पाया होता दशांश. शेतातील उत्पन्नाचा दहावा भाग चर्चचा. धान्याचा मोठा दशांश ज्याला मिळे तो ‘रेक्टर’ आणि कोंबडी, फळे, लोकर अशा किरकोळ दशांशावर ज्याला राहावे लागे तो सामान्यतः ‘व्हिकर’, हा भेद ट्रोलपच्या वाचकाला पाठ असे. पाद्री नेमण्याचा हक्क हीदेखील एक मालमत्ताच होती. तो विकत घेता येई, वारसाने येई, त्याच्या विक्रीच्या जाहिराती वर्तमानपत्रांत येत. १८३६ मध्ये दशांशाचे रोख रकमेत रूपांतर झाले. त्याआधी दोन वर्षे, १८३४ मध्ये, दारिद्र्यनिवारणाचे काम पॅरिशांचे संघ करून त्यांच्याकडे सोपविण्यात आले होते आणि ठिकठिकाणी श्रमगृहे उभी राहिली. १८३७ पासून जन्ममृत्यूची नोंद सरकारकडे गेली. १८६८ मध्ये चर्चच्या डागडुजीचा सक्तीचा कर उठला आणि १८९४ मध्ये ग्रामीण भागात निर्वाचित पॅरिश मंडळे आली. सारांश, व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द हा पॅरिशच्या भरभराटीचा नव्हे, तर त्याच्या विघटनाचा काळ होय. कादंबरीकार ज्या पॅरिशचे चित्र रंगवीत होते तो त्यांच्या डोळ्यांदेखत विरत चालला होता. ‘मिडलमार्च’ची कथा लेखनकाळाच्या चाळीस वर्षे आधी, १८२९ ते १८३२ या काळात घडते, हे अकारण नाही.

बाजारगावाचे स्वरूप त्या मानाने महाराष्ट्रातील वाचकाला परिचित वाटेल. राजाची सनद, आठवड्याचा नेमलेला दिवस, बाजारकर वसूल करण्याचा अधिकार, मध्यभागी दगडी क्रूस, पुढे एकोणिसाव्या शतकात धान्याच्या सौद्यांसाठी बांधलेले सभागृह. पेठ वसविताना सरकारने शेटे-महाजनांना कौल द्यावा, काही वर्षे जकात माफ करावी, आणि व्यापारी नांदू लागले की हळूहळू वसुली सुरू करावी, ही दख्खनमधील रीत फारशी निराळी नाही. कसबा आणि पेठ यांतील भेद मात्र इंग्लंडात नाही. कसबा हे परगण्याचे मुख्य स्थान, देशमुख-देशपांड्यांचे ठिकाण. पेठ ही व्यापाऱ्यांची स्वतंत्र वसाहत. पुण्यात कसबा पेठेचा गणपती हे ग्रामदैवत राहिले आणि भोवती एकामागून एक पेठा वसत गेल्या, त्या प्रत्येकीचा शेटे-महाजन निराळा.

आणि पॅरिश? त्याच्या जवळ जाणारी संस्था शोधू लागले की ग्रामजोशी आठवतो. ठराविक गावाच्या हद्दीत पौरोहित्य करण्याचा वंशपरंपरागत हक्क, बलुतेदारांतील त्याचे स्थान, सुगीला खळ्यावर मिळणारा वाटा, वृत्तीची वाटणी, गहाण आणि विक्री, हे सारे रेक्टरच्या हक्कांशी चकित करण्याइतके जुळते. एवढेच नव्हे, तर दोहोंविरुद्धचे बंडही सारखेच आहे. इंग्लंडातील स्वतंत्र पंथांच्या लोकांनी आपण ज्या चर्चमध्ये पाऊलही ठेवीत नाही त्याच्या दुरुस्तीचा कर का द्यावा, असा सवाल केला आणि एसेक्समधील ब्रेनट्री येथील खटला १८३७ पासून १८५३ पर्यंत न्यायालयांतून चालला. इकडे जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केल्यावर जुन्नर-ओतूर भागात ब्राह्मण पुरोहितावाचून लग्ने लागू लागली, आणि विधी आपण केला नाही तरी दक्षिणा आपलीच, असे म्हणत ग्रामजोशी दिवाणी न्यायालयात गेले. मुंबई इलाख्यात हा सक्तीचा हक्क कायद्याने संपला तो १९२६ मध्ये. ज्याची सेवा नको त्याला पैसे का द्यावे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता. फक्त उत्तराला इकडे अर्धे शतक अधिक लागले.

हे साम्य इंग्रजांच्या नजरेतून सुटले नव्हते. टॉमस कोट्स या डॉक्टरने पुण्याजवळील लोणी गावाची पाहणी करून जो वृत्तांत लिहिला, तो मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या प्रकाशनात १८२३ मध्ये छापला गेला. त्याच्या शीर्षकात लोणीला त्याने ‘टाउनशिप’ म्हटले. हा शब्द इंग्लंडच्या उत्तर भागात पॅरिशच्या पोटविभागासाठी वापरात होता. पुढे हेन्री मेन याने १८७१ मध्ये पूर्व आणि पश्चिम यांतील ग्रामसंस्थांचा तुलनात्मक ग्रंथ लिहिला. त्याचा सिद्धान्त असा की इंग्लंडात जे लोपले ते भारतात अजून जिवंत आहे. या सिद्धान्ताचा मोह मोठा आहे, परंतु त्यात एक गफलत आहे. लोणीच्या गावगाड्यात उपाशी माणसाला पोसण्याची कायदेशीर जबाबदारी कोणावरही नव्हती. बलुतेदाराला त्याच्या कामाचा वाटा मिळे. ज्याला वतन नाही आणि काम नाही त्याला गाव काही देणे लागत नसे. दया होती, अन्नछत्र होते, जातगंगा होती. पण कर लावून गरिबाला जगविणारी व्हेस्ट्री नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गांव-गाडा’ (१९१५) मध्ये बलुत्याच्या ओझ्याचे जे निष्ठुर विश्लेषण केले, ते वाचल्यावर मेनचे ग्रामचित्र किती भाबडे होते ते ध्यानी येते.

आता बंगळूरकडे वळू. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसविलेली पेटे ही नावाप्रमाणेच पेठ. अक्कीपेट तांदळाची, रागीपेट नाचणीची, गाणिगरपेट तेल्यांची, कुंबारपेट कुंभारांची: पुण्याच्या पेठांना वारांची आणि सरदारांची नावे मिळाली, बंगळूरच्या पेठांना मालाची आणि धंद्यांची. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने हे ठाणे घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, पुढे एकोजीकडे. मल्लेश्वर येथील देवस्थानाला एकोजीने दिलेल्या गावाचा १६६९ चा शिलालेख आहे. देवाच्या सेवेसाठी एका गावाचे उत्पन्न तोडून देण्याची ही पद्धत आणि चर्चच्या निर्वाहासाठी राखलेली जमीन यांत तत्त्वतः भेद थोडा. १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लाख रुपयांना विकले. मराठ्यांची सत्ता गेली, पण मराठी राहिली. म्हैसूरच्या कचेऱ्यांतील हिशेबात मराठीचा वापर पुढे दीर्घकाळ चालू होता आणि मार्क कबन कमिशनर असताना, म्हणजे १८३४ नंतर, तिची जागा कन्नडने घेतली.

या पेठेच्या ईशान्येला, मधे मोकळे रान ठेवून, १८०९ मध्ये इंग्रजांची छावणी आली. श्रीरंगपट्टणची हवा गोऱ्या सैनिकांना मानवेना म्हणून हा मुक्काम हलला. एका बाजूस परेडचे मैदान, दुसऱ्या बाजूस हलसूरचा तलाव, मधे बंगले, बागा आणि मनोऱ्याचे चर्च. सेंट मार्क्स चर्चचे काम १८०८ मध्ये सुरू होऊन १८१२ मध्ये संपले आणि १८१६ मध्ये कलकत्त्याच्या बिशपांनी त्याचे समर्पण केले. पुढे ट्रिनिटी चर्च आले, १८६६ मध्ये स्कॉटिश पंथीयांचे सेंट अँड्र्यूज उघडले, आयरिश कॅथलिकांसाठी सेंट पॅट्रिक्स होते. १८६४ मध्ये आगगाडी आली. १८६५ मध्ये बिशप कॉटन यांच्या नावाची शाळा निघाली. संध्याकाळी बँडस्टँडवर वाद्ये वाजत आणि रविवारी घंटा. इंग्लंडच्या दक्षिणेकडील एखादे बाजारगाव उचलून तीन हजार फूट उंचीच्या पठारावर आणून ठेवले, असा भास अनेक प्रवाशांना होई.

परंतु भास तो भासच. सेंट मार्क्सचा पाद्री रेक्टर नव्हता, व्हिकर नव्हता. तो कंपनीचा आणि नंतर सरकारचा पगारी चाकर होता. त्याला दशांश नव्हता, गावाची जमीन नव्हती, आणि त्याला नेमण्याचा हक्क कोणा जमीनदाराच्या खिशात नव्हता. करदात्यांची सभा भरविण्याचे कारण नव्हते, कारण चर्चला कर लावताच येत नव्हता. बाजाराची देखरेख, पोलीस आणि आरोग्य हे सारे छावणीच्या अधिकाऱ्यांच्या हाती होते आणि १८६२ मध्ये नगरपालिका आली तेव्हा तीही चर्चपासून अलगच आली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पॅरिशला सीमाच नव्हती. छावणीत कोण कोणत्या चर्चला जातो हे राहण्याच्या जागेवरून ठरत नसे, पलटणीवरून ठरे. स्कॉटिश पलटण आली की सेंट अँड्र्यूज भरून जाई, गेली की बाके मोकळी पडत. सैनिकांना रविवारी रांगेने चर्चला नेण्यात येई. १८५७ मध्ये मीरतला रविवारी संध्याकाळी जे घडले त्यानंतर तर बंदुका बरोबर घेऊन. प्रार्थनेच्या बाकाला बंदूक टेकवून बसलेली मंडळी म्हणजे पॅरिश नव्हे. दर काही वर्षांनी तिचा संपूर्ण गाव बदलतो आणि स्मशान तेवढे कायम राहते.

आणि छावणीतील गरीब? निवृत्त सैनिक, त्यांच्या विधवा, पलटणीने मागे सोडलेली मुले यांची जबाबदारी कायद्याने कोणावरच नव्हती. वर्गणीवर चालणाऱ्या संस्था, अनाथाश्रम आणि धर्मादाय निधी यांनी ती जमेल तशी पेलली. बाजारातील कनवाळूपणाचे स्रोत वेगळे होते. आर्काट नारायणस्वामी मुदलियार यांनी छावणीतील गरीब मुलांसाठी १८७३ मध्ये शाळा काढली, ती स्वतःच्या व्यापारातील पैशातून. इंग्लंडात पॅरिशने आणि त्याच्या वारसदार मंडळांनी जे करावे अशी अपेक्षा असे, ते येथे एका तमिळ सावकाराने केले. व्हेस्ट्रीपेक्षा मंदिराच्या धर्मकर्त्याच्या परंपरेत हे दान अधिक सहजपणे बसते.

मग बंगळूरमध्ये खऱ्या अर्थाने पॅरिश कोठे होता? या प्रश्नाचे उत्तर थोडे अनपेक्षित आहे. तो गोऱ्यांच्या बंगल्यांत नव्हता; तो काळ्या वस्तीच्या बाजारात होता. आज शिवाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि त्या काळी ब्लॅकपल्ली म्हटल्या जाणाऱ्या भागात, तमिळ मुलखातून, विशेषतः जिंजीकडून, आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी फ्रेंच मिशनरी आबे द्युबुआ यांनी १८१८ मध्ये एक लहान प्रार्थनामंदिर बांधले. त्याच जागी गॉथिक धाटणीचे सेंट मेरीज चर्च उभे राहिले आणि १८८२ मध्ये त्याचे समर्पण झाले. तेथे वस्ती आणि चर्च एकमेकांना लागून होती. माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्याच गल्ल्यांत जन्मत आणि मरत. ८ सप्टेंबरच्या मेरीच्या जन्मोत्सवात रथ निघे, तो बाजाराच्या रस्त्यांतून फिरे, आणि त्या वेळी नवस बोलणाऱ्यांत हिंदू आणि मुसलमानही असत, आजही असतात. समोर १९२७ मध्ये रसेल मार्केटची इमारत झाली आणि चर्चच्या पायऱ्यांवरून भाजीचे ढीग दिसू लागले. चर्च, बाजार, जत्रा, कायमची वस्ती: इंग्रजी बाजारगावाची ही सर्व अंगे एकत्र आली ती इंग्रजांच्या चर्चभोवती नव्हे, तर एका फ्रेंच पाद्र्याने तमिळ लोकांसाठी बांधलेल्या कॅथलिक चर्चभोवती, आणि आज तो भाग शिवाजी महाराजांचे नाव मिरवितो. इतिहासाला अशा थट्टा सुचतात.

हद्दीचा मुद्दा पुन्हा एकदा घ्यावयास हवा, कारण पॅरिशचा आत्मा त्यात आहे. इंग्लंडात स्वर्गारोहणाच्या सणाआधी पाद्री, गावकरी आणि मुले मिळून पॅरिशच्या सीमेवरून फेरी काढीत. सीमेच्या दगडांवर छड्या मारीत, आणि काही ठिकाणी मुलांनाच तेथे बडवीत, म्हणजे म्हातारपणी त्यांना सीमा आठवावी. नकाशे आल्यावर ही चाल मागे पडली. बंगळूरच्या पेठेत चैत्री पौर्णिमेच्या रात्री धर्मराय देवळातून तिगळ समाजाचा करग निघतो, पेठेतील गल्ल्यागल्ल्यांतून फिरतो आणि तवक्कल मस्तान दर्ग्यापाशी थांबतो. त्यालाही मार्गाची स्मृती आहे, हक्कांची क्रमवारी आहे. छावणीला अशी फेरी कधीच नव्हती. तिच्या सीमा सरकारी आदेशाने आखल्या गेल्या, १८८१ मध्ये म्हैसूरचे राज्य वोडेयर घराण्याला परत देताना नेमकी छावणीच तेवढी इंग्रजांनी स्वतःकडे ठेवली, आणि पेठ व छावणी यांच्या मधल्या मोकळ्या रानात कबन पार्क पसरले. १९४७ मध्ये छावणी म्हैसूरकडे आली आणि १९४९ मध्ये दोन्ही नगरपालिकांची एक महापालिका झाली.

छावणीत जे आपोआप घडले नाही ते ठरवून घडविण्याचा प्रयत्न म्हणजे व्हाइटफील्ड. डी. एस. व्हाइट या पुढाऱ्याच्या प्रेरणेने अँग्लो-इंडियन आणि युरेशियन समाजाच्या संघटनेने १८८२ मध्ये बंगळूरच्या पूर्वेला ही शेतकरी वसाहत स्थापिली. जमीन दिली ती महाराज चामराजेंद्र वोडेयर यांनी. मध्यभागी वर्तुळाकार मोकळी जागा, भोवती घरे, त्यांच्यामागे शेते, आणि १८८६ मध्ये एक चर्च. नकाशावर इंग्रजी खेड्याची इतकी नीटस प्रतिकृती भारतात क्वचितच सापडेल. या वसाहतीमागील वेदना समजून घेतली पाहिजे. ज्या समाजाला इंग्रज आपला म्हणत नव्हते आणि भारतीयही आपला म्हणत नव्हते, त्याला स्वतःची म्हणता येईल अशी हद्द हवी होती. जमीन कसली की आपण कोठले हा प्रश्न सुटेल, अशी ही आशा होती. पण ज्यांच्या दोन-तीन पिढ्या रेल्वे, तार आणि टपाल खात्यांत गेल्या त्यांना नांगर पेलला नाही. पगाराची नोकरी तरुणांना बाहेर ओढीत राहिली आणि व्हाइटफील्ड हळूहळू निवृत्तांचे गाव झाले. पॅरिशला पोसणारा शेतकरी आधी असावा लागतो, मग चर्च. येथे क्रम उलटा झाला. विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणक उद्योगाच्या उंच इमारतींनी ते वर्तुळ वेढून टाकले, तरी चर्च मात्र तेथेच आहे.

या साऱ्याच्या तुलनेत गोव्याकडे पाहिले तर चित्र पालटते. तेथे गावकरी ही जमिनीची सामाईक संस्था पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरलाने मान्य केली, आणि पुढे जेथे गावेच्या गावे ख्रिस्ती झाली तेथे ग्रामदैवताचा खर्च चालविणाऱ्या उत्पन्नातून चर्चचा खर्च चालू लागला. हद्द तीच, गावकर तेच, मानपानही बव्हंशी तोच. देवघर तेवढे बदलले. म्हणून कोंकणीत पॅरिशला स्वतःचा, जिभेवर घासून गुळगुळीत झालेला शब्द आहे: फिर्गज. पोर्तुगीज ‘फ्रेगेझिया’चे ते देशी रूप. वसईच्या कॅथलिक समाजाने मराठीत ‘धर्मग्राम’ हा शब्द रुजविला. ‘सुवार्ता’ मासिकाच्या वाचकाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. उलट प्रॉटेस्टंट मराठीत ‘मंडळी’ हा शब्द चालतो, आणि तो प्रदेशाचा नव्हे, माणसांच्या जमावाचा आहे. ज्या समाजाने संस्था जगली त्याला शब्द सापडला. ज्याने तिचे केवळ वर्णन वाचले त्याच्याकडे इंग्रजी शब्दच उरला.

तेव्हा ट्रोलप किंवा डिकन्स मराठीत आणणाऱ्याने ‘धर्मग्राम’ सर्वत्र वापरावा काय? ट्रोलपच्या ‘द वॉर्डन’मध्ये (१८५५) म्हाताऱ्यांच्या आश्रमासाठी ठेवलेल्या जुन्या देणगीच्या उत्पन्नावरून वाद पेटतो, तेथे देवस्थान इनामाच्या परिभाषेत अनुवाद पुष्कळ पुढे जाऊ शकेल. विवाहाच्या घोषणेचा, दफनाचा प्रसंग असेल तेथे ‘धर्मग्राम’ शोभेल. पण ऑलिव्हर ट्विस्टला ‘धर्मग्रामाचा मुलगा’ म्हटले तर तो कोणी भाविक बालक वाटेल आणि डिकन्सचा सारा उपरोध वाहून जाईल. तेथे ‘गाव’ हाच शब्द हवा, आणि मराठीत ‘गाव’ म्हणताना जी शिक्षा, जी सोय आणि जी निर्दयता एकदम ध्वनित होते, ती तेथे उपकारक ठरेल. एका शब्दासाठी तीन शब्द वापरल्याचा दोष पत्करूनही हे करावे. कारण मूळ इंग्रजी शब्दातच तीन संस्था एकत्र नांदत होत्या.

बंगळूरच्या छावणीत पॅरिशचे एकच अंग पूर्णपणे आले, ते म्हणजे नोंदवही. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती मद्रासमार्गे लंडनला जात आणि इंडिया ऑफिसच्या दप्तरात जमा होत. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कंपनीच्या काळातील अशा वह्यांत बापाचे नाव आणि पलटण नेमकेपणाने लिहिलेली असते. आई भारतीय असेल तर पुष्कळदा तिचे नाव नसतेच. १९४७ नंतर अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे जाऊ लागली तेव्हा आपले मूळ सिद्ध करण्यासाठी त्यांना पूर्वजांचे हेच दाखले शोधावे लागले. जहाजावर जागा मिळण्यापूर्वी आजोबांचा बाप कोणत्या चर्चमध्ये आणि कोणत्या साली पाण्याने शिंपडला गेला, हे कागदावर दाखवावयाचे होते. आणि ज्या पणजीमुळे ते कुटुंब बंगळूरचे झाले होते तिच्या नावाची जागा त्या कागदावर बहुधा कोरी होती.